कोकणातील नगरपरिषदेचे बहुमजली वाहनतळ : पैसा कसा उभारावा, इमारत कशी टिकवावी

रत्नागिरी, मालवण, अलिबाग यांसारख्या शहरांत बाजारपेठेलगत बहुमजली वाहनतळ बांधण्याचा विषय नगरपरिषदेच्या सभेपुढे आला, की चर्चा बहुधा अनुदान कोठून मिळेल एवढ्यावरच थांबते. खाऱ्या हवेत ती इमारत टिकवण्याच्या खर्चाची तजवीज मात्र निविदा काढण्याआधीच व्हायला हवी, म्हणून सुरुवात हिशेबापासून करावी.

मार्गिका, रॅम्प आणि जिने धरल्यास बहुमजली इमारतीत दर मोटारीमागे सुमारे ३० चौरस मीटर बांधकाम लागते. समजा, १०० मोटारींची सोय करायची आहे आणि बांधकामाचा दर चौरस मीटरला २५,००० रुपये धरला, तर खर्च साडेसात कोटींवर जातो. गणेशोत्सव आणि मे महिन्यातील गर्दी धरूनही वर्षभरात सरासरी निम्म्याच जागा भरतात व भरलेल्या जागेमागे दिवसाला ५० रुपये मिळतात असे मानले, तर वर्षाचे उत्पन्न सव्वानऊ लाखांच्या आसपास राहते. बिनव्याजी कर्ज मिळाले तरी ते ८० वर्षांत फिटणार नाही. म्हणून पार्किंग शुल्काच्या भरवशावर कर्ज काढू नये. बांधकामाचा पैसा राज्य शासनाच्या नगरोत्थान किंवा वैशिष्ट्यपूर्ण योजनेसारख्या अनुदानातून आणि तळमजल्यावरील गाळ्यांच्या अनामत रकमेतून उभारावा व शुल्क केवळ देखभालीसाठी राखावे.

तेवढ्यानेही भागत नाही, हे सभेला स्पष्ट सांगावे. बांधकाम खर्चाच्या एक टक्का, म्हणजे साडेसात लाख रुपये, दरवर्षी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवल्यावर पहारेकरी, वीज आणि पावती देणारा कर्मचारी यांच्यासाठी पावणेदोन लाखही उरत नाहीत. ही तूट गाळ्यांच्या भाड्यातून आणि रस्त्यावरील पार्किंगच्या शुल्कातून भरून काढावी. सर्वसाधारण सभेच्या ठरावाने स्वतंत्र बँक खाते उघडावे, त्यातील रक्कम अन्य कामाकडे वळवता येणार नाही असे ठरावातच लिहावे आणि खात्यातील शिल्लक दरवर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत वाचून दाखवावी. माझ्या मते साऱ्या योजनेत हा ठराव सर्वांत महत्त्वाचा आहे.

वाहनतळासमोरच्या रस्त्यावर फुकट गाडी लावता येत असेल, तर वरचे मजले रिकामेच राहतात. म्हणून वाहतूक पोलिसांशी बोलून आजूबाजूच्या रस्त्यांवर पार्किंग मनाईची अधिसूचना काढून घ्यावी, अथवा तेथील दर वाहनतळाच्या दरापेक्षा जास्त ठेवावा. दुकानदारांना मासिक पास द्यावेत. दिवसभर दुकानापुढे उभी राहणारी गाडी बहुतेक वेळा गिऱ्हाइकाची नसून दुकानदाराचीच असते.

बांधकामाच्या निविदेत काही गोष्टी नेमकेपणाने लिहाव्यात. काँक्रीट बांधकामासाठीच्या आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार किनारी हवेतील काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात मोडते, त्यासाठी किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, लागते. खाडीची वाळू धुऊन आणि क्षारांची चाचणी करूनच वापरू द्यावी, कारण वाळूतून आत गेलेला क्लोराइड, म्हणजे सळई गंजवणारा मिठातील घटक, नंतर कोणत्याही रंगाने बाहेर काढता येत नाही. तळघरातील वाहनतळाचा मोह नदीकाठच्या शहरांनी टाळावा. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात शिरलेले वाशिष्ठीचे पाणी आठवले, तरी एवढे पुरे आहे.

इमारत वापरात आल्यावर नगर अभियंत्याने स्लॅबच्या खालच्या बाजूकडे पाहण्याची सवय ठेवावी. तुळईच्या कडेने सरळ रेषेत उमटलेला तपकिरी डाग हा आतली सळई गंजत असल्याचा पहिला इशारा असतो. गंजलेले लोखंड फुगते, कव्हर फुटते आणि मग त्याच भेगेतून खारे पाणी आणखी आत जाते. अशा वेळी फुटलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारे रसायन शिंपडून रंग पाहतात: गुलाबी झाले तर काँक्रीटचा अल्कधर्म शाबूत असतो. किनाऱ्यावर मात्र तेवढ्यावर विसंबू नये, कारण गुलाबी काँक्रीटमध्येही क्लोराइड पोहोचलेला असू शकतो. सळईच्या खोलीपर्यंतची पूड काढून तिची प्रयोगशाळेत क्लोराइड चाचणी करून घ्यावी. डागावर नुसते प्लास्टर चढवणे म्हणजे रोग झाकणे होय. सैल काँक्रीट तोडून, सळई मागूनही मोकळी करून, गंज काढून मगच पॉलिमरयुक्त मॉर्टर भरावे.

गच्चीवरच्या मजल्याला पाण्याच्या पाईपांकडे पुरेसा उतार हवा. मे महिन्यात या पाईपांच्या जाळ्या, विस्तार सांध्यांतील (स्लॅबच्या भागांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटींतील) सीलंट आणि लोखंडी कठडे तपासावेत. मोठी दुरुस्ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात एकेक मजला बंद ठेवून करावी, कारण तेव्हा पृष्ठभाग कोरडा मिळतो. हे काम वाहनतळ चालवण्याच्या ठेक्यात घालू नये. वसुलीचा ठेकेदार बदलत राहतो आणि त्याला पुढच्या दहा वर्षांच्या सळईची काळजी नसते. तपासणीची नोंदवही, छायाचित्रे आणि मूळ आराखडे नगरपरिषदेच्याच बांधकाम विभागात ठेवावेत, आणि अभियंत्याची बदली होताना ते लेखी पोचपावतीसह नव्या अभियंत्याच्या ताब्यात द्यावेत.