जुन्या लॅपटॉपवर घरचा फोटो सर्व्हर, राउटरचं एकही पोर्ट न उघडता

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट लॅपटॉप घरोघरी कपाटात पडलेत. भंगारवाला किती देणार? त्यापेक्षा त्यावर इमिच टाका, म्हणजे गूगल फोटोजसारखंच, पण आपल्या घरच्या मशीनवर चालणारं फुकट सॉफ्टवेअर. गूगल फोटोजचं अनलिमिटेड फुकट प्रकरण १ जून २०२१ लाच बंद झालं, आता १५ जीबी, त्यातच जीमेल आणि ड्राइव्ह पण, म्हणजे एका बारशाचे व्हिडिओ टाकले की संपलं.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर निवांत चालतं. आधी मागून बॅटरी बघा, फुगली असेल तर काढूनच टाका, चांगली असेल तर लाइट गेल्यावर तीच यूपीएस. फक्त राउटरला वेगळा छोटा यूपीएस घ्या, नाहीतर सर्व्हर चालू आणि नेट बंद. विंडोज पुसून डेबियन १३ (फुकट लिनक्स) टाका, डेस्कटॉप नको, झाकण बंद केल्यावर झोपायचं नाही हे सेटिंग करा, सिक्युरिटी अपडेट आपोआप होतील असं ठेवा, आणि एसएसएच मध्ये (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरमध्ये शिरायची सोय) की फाइल लावून पासवर्डने लॉगिन बंद. मग डॉकर टाका (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणारं टूल) आणि इमिचच्या साइटवरची कंपोझ फाइल, म्हणजे डॉकरने काय कसं चालवायचं त्याची यादी. डेटाबेसचा पासवर्ड तेवढा बदला, त्यात फक्त अक्षरं आणि आकडे ठेवा.

आता खरा मुद्दा. बाहेरून फोटो दिसायला हवेत म्हटलं की यूट्यूबवर लगेच कोणीतरी स्टॅटिक आयपी (न बदलणारा नेटचा पत्ता) घ्या, पोर्ट फॉरवर्ड करा, म्हणजे राउटरमध्ये बाहेरच्यांसाठी दार उघडा, असं सांगतं. करू नका. उघडं पोर्ट शोधणारे बॉट दिवसरात्र सगळं नेट चाळत असतात, २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने असेच नेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे घरगुती नॅस (नेटवर्कला जोडलेले डिस्कचे डबे) लॉक करून बिटकॉइन मागितले होते. तसंही आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवर सीजीनॅट असतं, म्हणजे बाहेरचा एकच आयपी अनेक घरांत वाटलेला, राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर समजायचं, पोर्ट उघडूनही कोणी आत येणार नाही. लोक यावरून चिडतात, मला ते बरंच वाटतं. पण एक गोम आहे, आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे आयपी पत्ते) ला हे सीजीनॅट नसतं, त्यामुळे राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे ना ते आजच बघा.

मग बाहेरून यायचं कसं? टेलस्केल, म्हणजे फक्त आपल्याच मशीनना एकमेकांशी जोडणारं खाजगी नेटवर्क (व्हीपीएन). आत वायरगार्ड हे व्हीपीएन तंत्रच आहे, घरगुती वापराला फुकट, आणि सीजीनॅटमागूनही चालतं कारण दोन्ही बाजू आतून बाहेर कनेक्शन करतात. सर्व्हरवर टाका, घरच्यांच्या फोनवर टाका. सर्व्हरची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा, नाहीतर १८० दिवसांनी तो गुपचूप बाहेर पडतो आणि तुम्ही नेमके गावाला असता. ज्या गूगल किंवा ॲपल अकाउंटने टेलस्केलला लॉगिन करता त्याला टू-फॅक्टर हवंच, आता घराची किल्ली तीच आहे.

आणखी एक, हे फार कमी जण सांगतात. डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू (लिनक्सची फायरवॉल) अडवत नाही, डॉकर स्वतःचे नियम त्याच्या आधी घुसवतो. म्हणून कंपोझ फाइलमध्ये २२८३ (इमिचचं पोर्ट) च्या आधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे ते फक्त त्याच मशीनला दिसेल, आणि पुढे टेलस्केल सर्व्ह वापरा, त्याने फक्त तुमच्या माणसांना दिसणारा एचटीटीपीएस पत्ता मिळतो. फनेल नावाचा भाऊ आहे त्याचा, तो सगळ्या जगाला दाखवतो, त्याला हात लावू नका. मशीनला आडनावाचं नाव पण देऊ नका, सर्टिफिकेट काढलं की ते नाव सार्वजनिक यादीत जातं.

आईबाबांना इमिचमध्ये वेगवेगळे युजर करून द्या, ॲडमिन कोणालाच नको. त्यांच्या फोनमध्ये इमिच आणि टेलस्केल दोन्हीचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर फोन मागून ॲप मारून टाकतो आणि बॅकअप झालाच नाही हे महिन्याने कळतं.

बॅकअपबद्दल थोडंच, पण हे टाळू नका. इमिच रोज रात्री २ ला डेटाबेसची कॉपी काढतो, पण त्यात फोटो नसतात, अपलोडचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर रेस्टिक नावाच्या बॅकअप टूलने घ्या, आणि दुसरी डिस्क ताई-दादा कोणाकडे तरी वेगळ्या घरी. महिन्यातून एकदा पाचदहा फोटो परत काढून बघा, उघडतात का ते. हे जमेपर्यंत गूगलवरचं काहीही डिलीट करायचं नाही.

जुने फोटो आणायला गूगल टेकआउट (गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) मागवा आणि इमिच-गो नावाच्या टूलने चढवा. झिप फाइली सोडवत बसू नका, तारखा बाजूच्या जेसन फाइलीत असतात, ते टूल दोन्ही जुळवून घेतं.