लंडनची ऑफर? आधी घरभाडं बघा

हिंजवडीतून लंडनची ऑफर आली की घरात पहिला हिशेब होतो तो पौंडाचे रुपये करण्याचा. तो सोडा. ऑफिसला जाता येईल अशा भागातलं महिन्याचं घरभाडं बघा आणि त्याला ३० ने गुणा. वर्षाचा पगार निदान तेवढा आहे का, हे तिथले घर भाड्याने देणारे बरेच एजंट तपासतात. भाडं १,८०० पौंड, तर पगार ५४,००० हवा. एचआरसमोर हाच आकडा ठेवा, पुण्यातला पगार नव्हे (तो विचारतीलच!). पगार वाढत नसेल तर हेल्थ सरचार्ज, म्हणजे व्हिसासाठी भरावी लागणारी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फी, कंपनीकडून मागा. मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड. नवरा-बायको, तीन वर्षांचा व्हिसा म्हणजे ६,२१० पौंड, तेही अर्जाबरोबरच भरायचे. कंपनी देणार असेल तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, जोडीदाराच्या उल्लेखासकट.