समुद्रफूल की प्रवाळ? खडपावरच्या या चुका टाळा

ओहोटीला लोकांना खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात, न्यायला लागल्यापासून त्यांच्या वह्यांत एकच चूक सतत दिसते. खडकावर हिरवट-तपकिरी गोल तोंडांचा पट्टा, आणि पुढे नोंद: "समुद्रफुलं, पुष्कळ". बहुतेक वेळा ती झोआंथिड असतात, म्हणजे समुद्रफुलांचे (सी अ‍ॅनिमोनींचे) वसाहत करून राहणारे नातेवाईक. समुद्रफुलंही दुभंगून गर्दी करतात, त्यामुळे गर्दीवरून नाव ठेवू नका. मी आधी बुंधा बघतो. झोआंथिडांचे पॉलिप, म्हणजे एकेक तोंडाचे छोटे जीव, खाली एकाच कातड्याने जोडलेले असतात आणि शुंडकं (तोंडाभोवतीची बोटांसारखी टोकं) कडेला दोन ओळींत. समुद्रफूल स्वतंत्र बुडाने चिकटतं. झोआंथिड हाताळूही नका. 1971 मध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष यांच्याच एका भाईबंदातून वेगळं केलं गेलं.

दुसरी चूक घाईची. ओहोटीत मिटलेलं समुद्रफूल म्हणजे वाळू-शिंपल्यांचे कण चिकटलेला चिखलाचा गोळा. एका नवख्याने तो "उघडून बघायला" गाडीच्या किल्लीने उचकटला. बूड फाटून अर्धं खडकावरच राहिलं. मला फार वाईट वाटलं, कारण हातभर अंतरावरच्या डबक्यात तसंच दुसरं होतं. त्याच्यावर सावली न पाडता आम्ही दहा मिनिटं उकिडवे बसलो. शुंडकं एकेक करून बाहेर आली, टोकाला फिकट, मुळाशी गडद. एवढा धीर नसेल तर खडपावर येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"कडक ते प्रवाळ, मऊ ते समुद्रफूल" हेही सोडा. शुंडकं मोजा. पिसासारखी आठ असली तर अष्टप्रवाळ, म्हणजे समुद्रपंख्यांचं घराणं. सहाच्या पटीत असली तर बहुधा समुद्रफुलं किंवा दगडी प्रवाळ. म्हणजे दगडी प्रवाळाचं नातं समुद्रपंख्यापेक्षा मऊ समुद्रफुलाशी जवळचं आहे.

पुराजीव महाकल्पातले रुगोज आणि टॅब्युलेट प्रवाळ आजच्या प्रवाळांचे थेट पूर्वज धरणं ही पुस्तकी चूक. ते सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी पर्मियनअखेरीस संपले. आजच्या दगडी प्रवाळांचे जीवाश्म ट्रायासिकच्या मध्यावर, साधारण 24 कोटी वर्षांपूर्वीपासून ठळकपणे दिसू लागतात. सांगाडाही वेगळा: रुगोजांचा कॅल्साइटचा, यांचा अरॅगोनाइटचा; दोन्ही चुन्याचीच, पण वेगळी खनिजं.

अग्निप्रवाळ खरा प्रवाळच नाही, हायड्रोझोआ या वेगळ्या गटातला जीव आहे.

नुसत्या आकारावरून जात ठरवू नका. लाटा आणि उजेडाप्रमाणे एकाच जातीचा आकार बदलतो.

आठवण म्हणून मेलेला तुकडाही उचलू नका. दगडी प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्या तुकड्याच्या भोकांत खेकड्याचं पिल्लू असू शकतं.