जुळी कोकरं जगवायची कशी?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनच्या गारोल मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. तेव्हापासून लोक एकच विचारतात, ‘तसला नर कुठं मिळेल?’ नर आणला म्हणून तुमच्या जुन्या मेंढ्या जुळी देणार नाहीत. गुण त्याच्या मुलींत उतरतो आणि त्या व्यायल्या की दिसतो.

नर सोडायच्या तीन आठवडे आधी रोज पाव किलो भरडा सुरू करा, तोही फक्त बारीक मेंढ्यांना. लोकरीवरून अंदाज घेऊ नका, शेवटच्या बरगडीमागं कण्यावर हात फिरवा. नराच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, म्हणजे तो जिच्यावर चढला तिच्या पुठ्ठ्यावर रंग उमटतो. न फळलेली मेंढी साधारण सतरा दिवसांनी परत माजावर येते, म्हणून सतरा दिवसांनी रंग बदला. नवा रंग लागला ती आधी फळलेली नव्हती. व्यायची तारीख काढायला शेवटच्या रंगाच्या तारखेपासून दीडशे दिवस मोजा.

शेवटच्या दीड महिन्यात कोकराची बहुतेक वाढ होते आणि पोटात कडब्याला जागा उरत नाही. भरडा-पेंड हळूहळू वाढवा, दोन वेळा विभागून द्या. एकदम वाढवलात तर पोटात आम्ल होऊन मेंढीच जाईल.

आता खरं अवघड काम. मेंढी पहिलं कोकरू चाटत बसते, तेवढ्यात दुसरं मागं ओलं पडून गार होतं. माझी पहिल्या दोन वर्षांतली बरीच दुसरी कोकरं अशीच गेली. एकाला तर मीच मारलं. मान टाकलेली बघून बाटलीनं दूध ओतलं, ते फुप्फुसात गेलं. ‘अशक्त आहे, लगेच दूध पाजा’ हा सल्ला देणाऱ्यानं आधी कोकराच्या तोंडात बोट घालून बघावं. तोंड गार असेल तर ते चोखतच नाही, गिळणं तर लांबच.

म्हणून आधी गोणपाटानं खसाखसा पुसा, ऊब द्या. तोंड कोमट झालं, जीभ बोटाला ओढायला लागली की चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजा. जन्मून पाच-सहा तास उलटलेलं कोकरू गार सापडलं, तर ऊब देण्याआधी डॉक्टरांकडून ग्लुकोज टोचून घ्या, त्याच्या अंगातली साखर तोवर संपलेली असते. पाजण्याआधी दोन्ही सडांतून एकेक धार काढा. सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं, ते अशक्त कोकराला फोडता येत नाही. पहिल्या दोन तासांत किलोमागं पन्नास मिली चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोचं कोकरू असेल तर शंभर मिली. आईकडं कमी पडला तर त्याच दिवशी व्यायलेल्या दुसऱ्या मेंढीचा चालतो.

मेंढी दुसऱ्याला हुंगून ढुशी मारत असेल, तर जारेचं पाणी त्याच्या पाठीला चोळा आणि तिघांना दोन-तीन दिवस चार फुटांच्या कुडात ठेवा. नाळेला आयोडीन लावायचंच.

तिसऱ्या दिवशी दोघांची पोटं हातानं चाचपा. एकाचं खपाटीला गेलेलं लागलं, तर त्यांना अजून कळपात सोडू नका.