काबूलला खासगी एअरलाइनमध्ये इंजिनिअरची नोकरी मिळतेय? सही करण्याआधी हे वाचा

एएमईचं (विमान दुरुस्ती-देखभाल करणाऱ्या इंजिनिअरचं) लायसन्स हातात आहे पण इथे नोकरी लागत नाही अशी पोरं भरपूर आहेत, आणि मग कुठल्यातरी एजंटचा मेसेज येतो की काबूलला बोइंग 737 विमानावर माणूस पाहिजे, पगार डॉलरमध्ये, राहणं-जेवण कंपनीचं. मला यावर सारखे फोन येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी 2021 च्या आधी, म्हणजे तालिबान परत यायच्या आधी, तिथे एका खासगी कंपनीत लाइन मेंटेनन्सला (उड्डाणांच्या मधे विमानाची तपासणी-दुरुस्ती) होतो, कंपनीचं नाव घेत नाही. मुली सोडल्या तर जाऊ नका असं मी कुणाला सांगत नाही, फक्त पगाराचा प्रश्न शेवटी विचारा.

आधी तिथलं चित्र समजून घ्या. सरकारी एअरलाइन म्हणजे आरियाना, 1955 पासूनची. खासगीतली पहिली काम एअर, 2003 ला जमराई कामगार या उद्योजकाने सुरू केली आणि इतकं सगळं होऊन ती अजून उडतेय. सफी एअरवेज आणि पामीर एअरवेज मात्र बंद पडल्या. पामीरचं अँटोनोव्ह विमान मे 2010 ला कुंदुझहून काबूलला येताना डोंगरात पडलं, पुढच्या वर्षी कंपनीचं उड्डाणच थांबवलं गेलं. नोव्हेंबर 2010 पासून तिथल्या सगळ्याच एअरलाइन्सना युरोपात बंदी आहे. तरी विमानं भरून जायची कारण हेरात किंवा कंदाहारला रस्त्याने जायचं म्हणजे जिवाशी खेळ, त्यामुळे म्हातारी माणसं, पेशंट, विद्यार्थी सगळे विमानानेच. या लोकांसाठी आपण काम करतोय ही भावना तिथे रोज यायची, ती खरी आहे.

काम कठीण आहे. विमानतळ जवळजवळ 5,900 फुटांवर, चारी बाजूंनी डोंगर. उन्हाळ्यात हवा विरळ आणि गरम, इंजिनची ताकद कमी पडते, मग माणसं नाहीतर सामान कमी करावं लागतं. हिवाळ्यात बर्फ, डीआयसिंगमध्ये (विमानावरचा बर्फ काढण्यात) घाई करायची नाही म्हणजे नाहीच, मागे तिकीट-धंदा बघणारा कमर्शियलवाला कितीही ओरडू दे. फेब्रुवारी 2005 मध्ये बर्फाच्या वादळात काम एअरचं हेरात-काबूल विमान काबूलजवळच्या डोंगरावर आदळलं, शंभराहून जास्त माणसं गेली.

आता प्रश्न. पहिला, विमानाचं रजिस्ट्रेशन कुठल्या देशाचं? विमानावरचा नंबर वायएने (YA) सुरू होत असेल तर ते अफगाण, पण तिथे लीजवर आणलेली बाहेरच्या देशांची विमानं खूप असतात, आणि विमान ज्या देशाचं त्या देशाच्या अथॉरिटीने तुमचं लायसन्स मानलं तरच काम झाल्याची तुमची सही चालते, नाहीतर तुम्ही तिथे इंजिनिअर म्हणून गेलात तरी हेल्परच राहता, आणि वर कुणीतरी न केलेल्या कामावर सही करायला सांगतं. तिथे नाही म्हणायचं, नोकरी गेली तरी चालेल.

दुसरा, इन्शुरन्स. विमानाचा वॉर रिस्क इन्शुरन्स (युद्ध-हल्ल्यातल्या नुकसानीचा विमा) साधारण सात दिवसांच्या नोटिशीवर रद्द होऊ शकतो, ही त्या पॉलिसींमधली नेहमीची अट. कव्हर गेलं की लीजवाला विमान परत मागतो, मग तुम्ही रिकामे. म्हणून विमानं नसतील तेव्हा पगार आणि परतीचं तिकीट कोण देणार हे काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. तुमच्या स्वतःच्या आयुर्विम्याच्या टर्म पॉलिसीत युद्ध वगळलंय का हेही त्या विमा कंपनीला लेखी विचारा, तोंडी उत्तराला किंमत नाही.

तिसरा प्रश्न राहण्याचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. 20 जानेवारी 2018 ला काबूलच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलवर हल्ला झाला, तिथे काम एअरचा परदेशी स्टाफ राहायला होता, युक्रेन आणि व्हेनेझुएलाची माणसं मारली गेली आणि त्यानंतर बरेच परदेशी लोक नोकरी सोडून गेले. मोठं हॉटेल म्हणजे सेफ असं बिलकुल समजू नका. ड्युटीला नेणारी गाडी रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने जाते का, हे तिथे आधीपासून असलेल्या माणसाला विचारा, एचआरला नाही.

ऑगस्ट 2021 ला तालिबान परत सत्तेवर आलं, त्यानंतर परिस्थिती वेगळी आहे. त्या वर्षी 24 फेब्रुवारीला काम एअरचं काबूल-हेरात विमान पूर्ण महिला क्रूने नेलं, को-पायलट मोहदेसे मिर्झाई, अफगाण मुलगी, आणि ऑगस्टमध्ये तिला देश सोडावा लागला. मला हे आठवलं की आजही वाईट वाटतं. म्हणून मुलींनो, तिथल्या ऑफरचा आत्ता विचार करू नका. सप्टेंबर 2025 मध्ये 13 वर्षांचा एक मुलगा काबूलहून दिल्लीला काम एअरच्या विमानात चाकांच्या कप्प्यात बसून आला, नशिबाने जिवंत उतरला. वॉकअराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून करायची तपासणी) टॉर्च घेऊन व्हील वेलमध्ये, म्हणजे चाकांच्या कप्प्यात, नीट बघा, लीक बघता तसं माणूस पण बघा. आपल्या दूतावासाचं म्हणाल तर 2021 ला बंद झाला, 2022 ला टेक्निकल टीम गेली आणि ऑक्टोबर 2025 ला परत दूतावासाचा दर्जा दिला, पोचल्या पोचल्या तिथे नाव नोंदवा. एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीसाठीचं भारत सरकारचं पोर्टल) रजिस्टर्ड आहे का तेही बघा.

तुम्ही केलेल्या कामांच्या नोंदीच्या लॉगबुकवर दर महिन्याला सही-शिक्का घ्या, सही करणाऱ्याचा लायसन्स नंबर स्पष्ट दिसला पाहिजे, आणि फोटो काढून घरी पाठवून ठेवा. एअरलाइन बंद पडली की जुनी कामं सर्टिफाय करायला तिथे कुणी उरत नाही.