मागणीचा नियम मला सिरिंजमुळे कळला

अर्थशास्त्राच्या पहिल्याच चाचणीत माझ्या मागणी वक्रावर लाल पेनाने मोठी फुली आली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘अक्ष चुकले’. कोष्टकातले आकडे बरोबर होते, वक्रही डावीकडून उजवीकडे खाली येत होता. पण मी किंमत आडव्या अक्षावर घेतली होती आणि नगसंख्या उभ्या अक्षावर. विज्ञानाच्या तासाला तसंच शिकले होते: जे आपण बदलतो ते आडव्या अक्षावर आणि त्यामुळे जे बदलतं ते उभ्या. किंमत बदलली म्हणून नगसंख्या बदलते, मग किंमत आडवीच हवी ना? विचारलं तर ‘पुस्तकात आहे तशी आकृती काढायची’ एवढंच उत्तर मिळालं. त्यानंतर बरेच दिवस हा विषय मला निव्वळ पाठांतराचा वाटत राहिला.

खरं कारण फार उशिरा वाचनात आलं. १८३८ साली फ्रेंच गणिती ऑगस्तीन कूर्नो यांनी मागणीचा वक्र काढला तेव्हा किंमत आडव्या अक्षावरच होती. पुढे आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात अक्षांची मांडणी उलटी केली, कारण त्यांचा प्रश्नच वेगळा होता. एवढे नग खपायचे असतील तर ग्राहक जास्तीत जास्त किती किंमत द्यायला तयार होईल, असं ते विचारत होते. प्रश्न असा मांडला की आधी नगसंख्या येते आणि मग किंमत. मार्शल यांचा ग्रंथ पिढ्यान् पिढ्या अभ्यासला गेला आणि त्यांची रीत पक्की झाली. तेव्हा विज्ञानाची सवय घेऊन अर्थशास्त्राकडे येणाऱ्यांनो, तुमची शंका रास्त आहे. परीक्षेत मात्र किंमत उभ्या अक्षावर घ्या.

गेली काही वर्षं मी नव्याने अर्थशास्त्र घेतलेल्या मुलांना शिकवते. उपभोक्त्याची मागणी या प्रकरणात बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात, आणि मीही तिथेच अडकले होते. मागणीचा नियम पाठ म्हणताना ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे शब्द आपण भरभर उरकतो आणि ‘किंमत वाढली की मागणी कमी होते’ यावर जोर देतो. खरं तर त्या पहिल्या चार शब्दांशिवाय नियमाला अर्थच उरत नाही. मला ते समजलं विज्ञानाच्या प्रयोगशाळेत.

प्रयोग बॉइलच्या नियमाचा होता. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला हा नियम सांगतो की तापमान स्थिर असताना ठरावीक वायूचं आकारमान त्याच्यावरच्या दाबाच्या व्यस्त प्रमाणात असतं. त्यांनी इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराच्या काचेच्या नळीत पारा ओतून हवा दाबली होती. आमच्याकडे होती प्लास्टिकची सिरिंज. तिचं तोंड घट्ट बंद करायचं, दट्ट्यावर एकेक वजन ठेवायचं आणि हवेचं आकारमान वाचत जायचं. वजन वाढलं की दट्ट्या खाली सरकायचा, वजन काढलं की वर यायचा. अंगठ्याने दाबून पाहिलं तर आतली हवा अंगठ्याला उलट ढकलत असल्याचं स्पष्ट जाणवायचं.

मग बाईंनी ती सिरिंज वजनासकट गरम पाण्याच्या भांड्यात धरली. दट्ट्या हळूहळू वर आला. वजन तेवढंच होतं, म्हणजे दाब बदलला नव्हता, तरी आकारमान वाढलं होतं. आमच्यातल्या एकीने लगेच विचारलं, “म्हणजे नियम मोडला?” बाई म्हणाल्या, “नियम मोडला नाही, अट मोडली. तापमान स्थिर ठेवलंय का आपण?”

त्या क्षणी मला मागणीचं प्रकरण आठवलं. वस्तूची किंमत बदलली नाही, पण ग्राहकाचं उत्पन्न वाढलं, आवड बदलली किंवा पर्यायी वस्तू महागली, तर खरेदी वाढतेच. ही तापमान बदलण्यासारखी गोष्ट आहे. दाब आणि आकारमान यांचा आलेख काढला तर एका तापमानाला एक वक्र मिळतो. वजन कमी-जास्त केलं की आपण त्याच वक्रावर खाली-वर सरकतो. तापमान वाढवलं तर अख्खा वक्रच उजवीकडे जातो. मागणीचंही हुबेहूब असंच आहे. किंमत उतरली आणि नगसंख्या वाढली, तर तो मागणीचा विस्तार. किंमत चढली आणि नगसंख्या घटली, तर तो संकोच. दोन्ही वेळा वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच्यावर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो. किंमत तीच राहून इतर काही बदललं आणि खरेदी वाढली तर ती मागणीतील वृद्धी, घटली तर ऱ्हास. इथे वक्रच सरकतो: वृद्धीत उजवीकडे, ऱ्हासात डावीकडे.

विस्तार आणि वृद्धी हे शब्द बोलीत जवळपास एकाच अर्थाने येतात, म्हणून घोळ होतो. त्यासाठी व्याख्या शंभरदा घोकण्याची गरज नाही. प्रत्येक उदाहरणात स्वतःला विचारा की वजन बदललंय की पाणी तापलंय.

आता तुलना कुठे थांबते तेही सांगते, कारण तीही चूक मी केली आहे. बॉइलचा नियम व्यस्त प्रमाणाचा आहे, मागणीचा नियम फक्त व्यस्त संबंधाचा. दाब दुप्पट झाला की आकारमान बरोबर निम्मं होतं. किंमत दुप्पट झाली की खरेदी निम्मी होईल, असं मागणीचा नियम कुठेही म्हणत नाही. कमी होईल इतकंच तो सांगतो. किती कमी होईल, हा प्रश्न लवचिकतेचा आहे. उत्तरपत्रिकेत ‘व्यस्त प्रमाण’ असं लिहू नका, ‘व्यस्त संबंध’ लिहा. दोन्ही नियम तंतोतंत जुळतात अशी एक खास अवस्था मात्र आहे. किंमत २ असताना १२ नग, ३ असताना ८, ४ असताना ६, ६ असताना ४ असं मागणीपत्रक घ्या. प्रत्येक ओळीत गुणाकार २४ येतो, म्हणजे ग्राहकाचा एकूण खर्च कायम राहतो. हीच एकक लवचीक मागणी, आणि तिचा वक्र बॉइलच्या आलेखासारखाच अपास्त असतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून बराच वेळ नुसती पाहत बसले होते.

लवचिकता या शब्दापाशी विज्ञानाची मुलं आणखी एकदा अडखळतात. भौतिकशास्त्रात आपण शिकतो की पोलाद रबरापेक्षा जास्त स्थितिस्थापक असतं, कारण सारख्याच ताणाला पोलादाचा आकार फार थोडा बदलतो. अर्थशास्त्रात याच्या उलट आहे. किंमत थोडी बदलल्यावर खरेदी खूप बदलली तर मागणी जास्त लवचीक, आणि खरेदी जेमतेम हलली तर कमी लवचीक. रुग्णाला रोज घ्यावंच लागणारं औषध महागलं तरी त्याचे नग फारसे कमी होत नाहीत. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द चालतो आणि मुलांचा गोंधळ उडतो. मराठीत स्थितिस्थापकता आणि लवचिकता असे दोन वेगळे शब्द आहेत, हे आपलं भाग्यच. त्यांची सरमिसळ करू नका.

उतार म्हणजेच लवचिकता, हाही एक मोठा गैरसमज. सरळ रेषेचा उतार सगळीकडे सारखाच असतो, पण तिच्यावरची लवचिकता बिंदूगणिक बदलते. एकदा स्वतः करून बघा. किंमत १ ने वाढली की नग २ ने घटतात, अशी रेषा घ्या. किंमत ८ असताना ४ नग, ५ असताना १० आणि २ असताना १६. दर एककामागे होणारी २ नगांची घट किमतीने गुणायची आणि नगसंख्येने भागायचं. पहिल्या बिंदूवर उत्तर येतं ४, दुसऱ्यावर १, तिसऱ्यावर ०.२५. रेषा एकच आणि उत्तरं तीन, कारण लवचिकता शेकडा बदलांची तुलना करते. म्हणूनच तिला एककही नसतं. ४ नगांतून २ कमी होणं मोठी गोष्ट आहे, १६ मधून २ कमी झाले तर कोणाला कळतही नाही.

ग्राहक असं का वागतो, हे समजायला उपयोगितेकडे, म्हणजे वस्तू वापरून मिळणाऱ्या समाधानाकडे, जावं लागतं. जर्मनीतल्या हेर्मान गोसेन यांनी १८५४ मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे: एखादी वस्तू लागोपाठ वापरत गेलं की पुढच्या प्रत्येक नगापासून मिळणारं समाधान कमी कमी होत जातं. तहानलेल्या माणसाला पाण्याच्या पहिल्या पेल्याने १० एकक समाधान मिळालं असं धरू. दुसऱ्याने ७, तिसऱ्याने ४, चौथ्याने १, पाचव्याने शून्य आणि बळेच घेतलेल्या सहाव्याने उणे २. ही झाली सीमांत उपयोगिता. एकूण उपयोगिता होते १०, १७, २१, २२, २२ आणि २०. परीक्षेत हमखास होणारी चूक म्हणजे ‘सीमांत उपयोगिता घटते, म्हणून एकूण उपयोगिता घटते’ असं लिहिणं. आकडे बघा: सीमांत १० वरून ७ वर आली तरी एकूण १० वरून १७ वर गेली. हे मला वेग आणि अंतराच्या उदाहरणाने समजलं. ब्रेक लावलेली गाडी मंदावते, पण थांबेपर्यंत पुढेच जात असते. वेग शून्य होतो तिथे ती सर्वांत पुढे पोहोचलेली असते, आणि मागे आणली तरच अंतर कमी होतं. सीमांत उपयोगिता म्हणजे वेग, एकूण उपयोगिता म्हणजे निघाल्या जागेपासूनचं अंतर. शून्याच्या त्या जागेला पूर्ण तृप्तीचा बिंदू म्हणतात.

आता मागणीकडे परत या. पुढच्या नगापासून समाधान कमी मिळणार असेल, तर ग्राहक त्यासाठी किंमतही कमीच द्यायला तयार होईल. वक्र खाली उतरतो त्याचं एक कारण हे. शिवाय वस्तू स्वस्त झाली की तेवढ्याच उत्पन्नात जास्त घेता येतं, काही जण महाग पर्याय सोडून तिच्याकडे वळतात, आणि आधी जिला न परवडणारी वस्तू म्हणत होते असे नवे ग्राहकही येतात. हे मुद्दे पुस्तकात सविस्तर असतात.

विज्ञानाची सवय असलेल्यांना इथे एक गोष्ट खटकते, आणि खटकायलाच हवी: हे ‘१० एकक समाधान’ मोजलं कशाने? तापमापीसारखं उपयोगितामापी असं उपकरण नाही. मार्शल यांनी पैशाचा मापदंड वापरला, म्हणजे एखादा नग हातचा जाऊ नये म्हणून माणूस किती पैसे मोजायला तयार आहे, ते पाहिलं. आकडे फक्त समजण्यासाठी असतात, हे कोष्टक काढताना ध्यानात ठेवा. दुसरं म्हणजे वायूच्या रेणूंना मन नसतं, ग्राहकाला असतं. म्हणून मागणीचा नियम माणसांचा सर्वसाधारण कल सांगतो. त्याला अपवाद आहेत, त्यांतला गिफेनचा विरोधाभास सर्वांत प्रसिद्ध: अगदी गरीब कुटुंबाची मुख्य गरज भागवणारी हलक्या प्रतीची वस्तू महागली, की चांगल्या वस्तूंसाठी पैसेच उरत नाहीत आणि ते कुटुंब तीच वस्तू आणखी घेतं.

अपवाद शिकल्यावर मुलांना जिकडेतिकडे अपवाद दिसू लागतात. मागच्या तुकडीत एका मुलाने लिहून आणलं होतं, ‘पावसाळ्यात छत्र्या महागतात तरी जास्त खपतात, म्हणून छत्री हा मागणीच्या नियमाचा अपवाद आहे.’ मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि दोन वक्र काढायला सांगितले, एक उन्हाळ्याचा आणि एक पावसाळ्याचा. त्याने पावसाळ्याचा वक्र उजवीकडे काढला. त्या नव्या वक्रावर त्याने आधी जुन्या किमतीचा बिंदू घेतला, मग वाढलेल्या किमतीचा. दुसरा बिंदू पहिल्याच्या डावीकडे आला, म्हणजे पावसातही महागाईमुळे काही छत्र्या कमीच खपल्या होत्या, पण तरी त्या उन्हाळ्यापेक्षा जास्त होत्या. तो थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “बाई, पाणी तापलं होतं.” मग वहीतला ‘अपवाद’ हा शब्द खोडून त्याने वर ‘वृद्धी, आणि तिच्यातच थोडा संकोच’ असं लिहिलं.