सी ड्राइव्ह भरली? फॉरमॅट नको, मोठ्या फायली शोधा

सी ड्राइव्ह लाल झाली की तालुक्याच्या दुकानात पहिला सल्ला मिळतो फॉरमॅटचा. कशाला? बहुतेक वेळा जागा मोजक्या मोठ्या फायलींनी अडवलेली असते. फोटो एकेक करून पुसत बसू नका; लग्नाचं एक शूटिंग त्या सगळ्यांहून जड भरतं.

विंडोज 10 किंवा 11 मध्ये सी ड्राइव्ह उघडा. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत साइज, त्याला लागून कोलन आणि जायगँटिक लिहा. 4 जीबीवरच्या फायली समोर येतात. मग जायगँटिकच्या जागी ह्यूज लिहा, 1 ते 4 जीबीच्या दिसतील. व्हिडिओ बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका, तिथून चालवून पाहा, मगच इथले काढा.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. यादीत 'डाउनलोड्स' असेल तर त्यावर टिक नको. सेवा केंद्र चालवत असाल तर लोकांचे सातबारे, उत्पन्नाचे दाखले तिथंच पडलेले असतात.

एवढं करूनही हिशोब जुळत नाही, आणि माणूस अडतो तो इथं. उरलेली जागा लपलेल्या फायलींकडे असते. त्यासाठी विनडर्‌स्टॅट हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, तेही त्याच्या मूळ साइटवरूनच. त्यात प्रत्येक फाइल म्हणजे एक रंगीत चौकट; फाइल जेवढी मोठी, तेवढी चौकट मोठी.

त्यात 'पेजफाइल' दिसेल. तिला हात लावू नका. रॅम कमी पडली की विंडोज तिच्यावर काम भागवतं. 'विनएसएक्सएस' फोल्डरमधलंही हातानं काहीच पुसायचं नाही, विंडोज बिघडेल.

राहिली 'हायबरफिल'. ही हायबरनेशनची फाइल. रॅम 8 जीबी असेल तर साधारण 3 जीबी खाते. व्हिडिओवाले सरसकट सांगतात, बंद करून टाका. आमच्या वऱ्हाडात हा सल्ला लॅपटॉपवाल्यानं मुळीच ऐकू नये. उन्हाळ्यात लाईन गेली की कधी येईल याचा नेम नाही. बॅटरी संपत आली की हायबरनेशन अर्धवट भरलेला फॉर्म जसाच्या तसा डिस्कवर ठेवतं. तीन जीबीसाठी ते गमावू नका.

डेस्कटॉपचं वेगळं. त्याला बॅटरीच नाही. लाईन गेली की तो जागीच बंद पडतो, हायबरनेशनला वेळच मिळत नाही. तिथं खुशाल बंद करा. कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'नं उघडा. इंग्रजीत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, स्पेस, तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि एच, स्पेस, ऑफ लिहून एंटर दाबा. फाइल आपोआप जाते. फास्ट स्टार्टअपही बंद होतं, त्यामुळे मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल.

वनड्राइव्हच्या फोल्डरमधून काही पुसलं तर ते ऑनलाइनवरूनही जातं. तिथं राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा.

शेवटी रिसायकल बिन रिकामी करा. तोवर जागा मोकळी होत नाही.